पिसाळलेलें वटवाघूळ आणि पांढरा उंदीर

पिसाळलेल्या कुत्र्याचें भय मनुष्याला फार पुरातन काळापासून आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत पिसाळलेल्या श्वापदांच्या दंशाचें वर्णन आहे, आणि दंश झालेल्या मनुष्याला पाण्याच्या नुसत्या दर्शनानें किंवा शब्दानें धडकी भरूं लागली म्हणजे तें मरणाचें चिन्ह समजावें, असेंही तेथें सांगितलें आहे. कुत्रा, कोल्हा, लांडगा हीं नांवें या रोगाशीं शतकानुशतकें जोडलेलीं आहेत. तिन्हीसांजेला दिव्याभोंवतीं जमणारे किडे टिपीत फिरणारें, मुठींत मावेल एवढें वटवाघूळ मात्र या यादींत कोणीं घातलें नव्हतें. तें तेथें कसें आलें, आणि त्याच्या अंगांतील विषाचा खरा स्वभाव प्रयोगशाळेंतील लहानशा पांढऱ्या उंदरानें कसा उघड केला, हा वैद्यकाच्या इतिहासांतील एक विलक्षण भाग आहे.

कोणत्याही सांसर्गिक रोगाचा शोध लागावयाचा म्हणजे दोन गोष्टी लागतात: रोगाचें बीज, आणि तें ज्यांत रुजून दृष्टीस पडेल असें क्षेत्र. अलर्करोगाचें बीज डोळ्यांना दिसत नव्हतें. तें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं सांपडेना, आणि इतर जंतु ज्या पोषक रसांत सुखानें वाढत त्यांत तें वाढेना. पॅरिसमध्यें लुई पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनीं सन १८८१ च्या सुमारास या अडचणींतून मार्ग काढला. हें विष मेंदूंत व मज्जातंतूंत वसतें, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. तेव्हां रोगानें मेलेल्या जनावराच्या मेंदूचा अंश घेऊन त्यांनीं तो निरोगी प्राण्याच्या कवटीस छिद्र पाडून मेंदूच्या आवरणाखालीं टोंचला. पिसाळलेलें कुत्रें चावलें तरी चावलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असें नाहीं, आणि झाला तरी कित्येक आठवडे किंवा महिने वाट पाहावी लागते. या नव्या रीतीनें ती अनिश्चितता संपली. ज्याला टोंचावें तो प्राणी थोड्याच दिवसांत आजारी पडे आणि मरे.

पाश्चर यांनीं याच रीतीनें हें विष एका सशाच्या मेंदूंतून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या मेंदूंतून तिसऱ्याच्या, असें पुढें पुढें नेलें. प्रथम सशाला आजारी पडण्यास सुमारें १५ दिवस लागत. पिढ्यामागून पिढ्या गेल्यावर ती मुदत ७ दिवसांवर येऊन स्थिर झाली. रस्त्यावरच्या कुत्र्यांतील विषाला ‘रस्त्यावरील विष’ आणि या सशांत मुरलेल्या विषाला ‘स्थिर विष’ अशीं नांवें पडलीं. याच स्थिर विषानें मेलेल्या सशांचे पृष्ठरज्जु वाळवून ६ जुलै १८८५ पासून जोसेफ मायस्टर या ९ वर्षांच्या मुलाला १३ वेळां टोंचण्यांत आलें, आणि तो मुलगा वांचला. जगांतील पहिल्या अलर्कलसीची ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्या आड दडलेली एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलत नाहीं. सशाच्या मेंदूंत पिढ्यान् पिढ्या पाळलेलें विष आणि रानांतलें विष एकच राहिलें नव्हतें. रानांतून आणून घरांत वाढविलेल्या जनावराचा जसा स्वभाव पालटतो, तसा या विषाचाही पालटला होता. हा पालट कशाचा, हें कळावयास आणखी शंभरांहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

मध्यंतरीं रोगाची ओळख पटविण्याचीं साधनें सुधारत गेलीं. सन १९०३ मध्यें इटलींतील पाविया येथें आदेल्की नेग्री यांना पिसाळून मेलेल्या जनावरांच्या मेंदूच्या पेशींत विशिष्ट गोल कण आढळले. हे ‘नेग्री कण’ दिसले कीं रोग निश्चित. परंतु ते दिसले नाहींत म्हणजे रोग नाहींच, असें छातीठोकपणें म्हणतां येत नसे. ही उणीव भरून काढली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील लेस्ली वेब्स्टर यांनीं. या संस्थेंत क्लारा लिंच या विदुषींनीं सन १९२६ मध्यें स्वित्झर्लंडांतून ९ पांढरे उंदीर आणले होते. त्यांच्या वंशजांना पुढें ‘स्विस उंदीर’ हें नांव मिळालें. हे उंदीर अलर्कविषाला लवकर बळी पडतात असें दिसून आल्यावर वेब्स्टर आणि त्यांचे सहकारी डॉसन यांनीं सन १९३५ मध्यें एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. संशयित मेंदूचा रस उंदरांच्या मेंदूंत टोंचावयाचा आणि कांहीं दिवस त्यांच्यावर नजर ठेवावयाची. विष असेल तर उंदीर कांपूं लागतो, त्याची कातडी विसकटलेली दिसते, पाय लुळे पडतात, आणि तो मरतो. ससा महाग व मोठा. उंदीर स्वस्त, लहान व एका पेटींत दहा राहणारा. नेग्री कण जेथें मुके राहात, तेथेंही उंदीर साक्ष देई. जगांतील प्रयोगशाळांत पुढें अनेक दशकें हीच परीक्षा चालली.

आतां वटवाघुळांकडे वळावें. दक्षिण अमेरिकेंत रक्त पिऊन जगणारीं वटवाघुळें आहेत. ट्रिनिडाड बेटांत सन १९२५ पासून गुरें लुळीं होऊन मरूं लागलीं, आणि १९२९ मध्यें माणसेंही त्याच तऱ्हेनें दगावूं लागलीं. कोणी त्यास अन्नांतील विषबाधा म्हटलें, कोणी बालपक्षाघात म्हटला. रोग्यांना कुत्रें चावलेलें नव्हतें. मग पिसाळरोगाची शंका तरी कोणाला यावी? जोसेफ पवन या स्थानिक डॉक्टरांनीं सन १९३१ मध्यें मृतांच्या मेंदूंत नेग्री कण पाहिले, आणि गुन्हेगार म्हणून रक्तपिपासु वटवाघूळ उभें राहिलें. तरीसुद्धां ही सारी उष्ण प्रदेशांतील रक्त पिणाऱ्या एका विचित्र प्राण्याची गोष्ट म्हणून समजली गेली. किडे खाणारीं वटवाघुळें निरुपद्रवी, किंबहुना शेतकऱ्याचीं मित्रच, अशी लोकांची व शास्त्रज्ञांचीही समजूत कायम होती.

ही समजूत एका पशुपालकाच्या हट्टानें मोडली. सन १९५३ च्या जून महिन्यांत फ्लॉरिडा राज्यांतील टँपा शहराजवळ एका ७ वर्षांच्या मुलाला पिवळट रंगाचें एक वटवाघूळ भर दिवसा अंगावर येऊन चावलें. हें वटवाघूळ किडे खाणारें होतें. दुसरा कोणी असता तर त्यानें तें मारून टाकून दिलें असतें आणि जखमेला औषध लावून गोष्ट विसरला असता. परंतु मेक्सिकोंतील गुरांना रक्त पिणाऱ्या वटवाघुळांपासून पिसाळरोग होतो, हें मुलाच्या वडिलांच्या कानांवर आलेलें होतें. त्या वटवाघुळाची तपासणी झालीच पाहिजे, असा त्यांनीं आग्रह धरला. राज्याच्या आरोग्यखात्याच्या प्रयोगशाळेंत त्याच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हां नेग्री कण सांपडले. मेंदूचा रस उंदरांना टोंचला, आणि उंदीरही पिसाळरोगानें मेले. मुलाला ताबडतोब लस टोंचण्यांत आली व तो वांचला. त्याच वर्षीं पेनसिल्व्हेनियांतही एका स्त्रीवर किडे खाणाऱ्या वटवाघुळानें हल्ला केला, आणि तेंही पिसाळलेलेंच निघालें. मग मागील नोंदी चाळण्यांत आल्या. टेक्ससमध्यें सन १९५१ त वटवाघूळ चावल्यानंतर पिसाळरोगानें मरण पावलेल्या एका स्त्रीची हकीकत १९५४ मध्यें प्रसिद्ध झाली. रोग नवा नव्हता. तो पाहण्याची दृष्टि नवी होती.

त्यानंतर अमेरिकेंत शोधाची एकच धांदल उडाली. जेथें शोधावें तेथें तें विष मिळूं लागलें. हवाई बेटें सोडल्यास बाकीच्या सर्व राज्यांत पिसाळलेलीं वटवाघुळें आढळलीं. डल्लास येथें एडवर्ड सल्किन यांनीं दाखवून दिलें कीं, हिंवाळ्यांत निद्रिस्त होणाऱ्या वटवाघुळांच्या खांद्यांमधील तपकिरी चरबींतही हा विषाणु राहूं शकतो. टेक्ससमधील फ्रिओ नांवाच्या गुहेंत लक्षावधि वटवाघुळें राहतात. तेथें जाऊन आलेल्या दोघांचा सन १९५६ व १९५९ मध्यें या रोगानें मृत्यु झाला होता. डेनी कॉन्स्टंटाइन यांनीं त्या गुहेंत कोल्हे व कोयोट हे प्राणी अशा पिंजऱ्यांत ठेवले कीं, आंत वटवाघूळच काय, पण साधी माशीही शिरूं नये. तरीही त्यांतील प्राणी पिसाळून मेले. अशा दाट वस्तीच्या कोंदट गुहेंत हवेंतूनही संसर्ग होऊं शकतो, हें सन १९६२ मध्यें जगासमोर आलें. पुढें १९६६ मध्यें त्यांनीं तांबड्या वटवाघुळांतील विष मांसभक्षक प्राण्यांना व उंदीरवर्गीय प्राण्यांना एकदां दंशानें व एकदां सुईनें देऊन दोन्हींचे परिणाम ताडून पाहिले. प्रश्न आतां बदलला होता. वटवाघुळांत विष आहे कीं नाहीं, हा वाद उरला नव्हता. कुत्र्यांतील विषाहून तें निराळें आहे काय, हें ठरवावयाचें होतें.

उंदीर मेला म्हणजे विष आहे एवढें कळे. पण तें कोणत्या प्राण्याकडून आलें, हें मेलेला उंदीर सांगूं शकत नसे. ही अडचण सन १९७८ मध्यें दूर झाली. फिलाडेल्फियांतील विस्टार संस्थेंत टाडेउश विक्टर व हिलरी कोप्रोव्स्की यांनीं एकेकाच पेशीच्या वंशांतून निर्मिलेलीं अत्यंत नेमकीं प्रतिद्रव्यें वापरून अलर्कविषाणूंच्या निरनिराळ्या जाती ओळखण्याची युक्ति काढली. पुढें विषाणूंच्या जनुकांचें वाचन सुरू झालें. आणि मग एक कोडें पुढें आलें. अमेरिकेंत पिसाळरोगानें मरणाऱ्या मनुष्यांपैकीं बहुतेकांत जें विष मिळे, तें रुपेरी केसांच्या वटवाघुळाचें असे. हा प्राणी सुमारें १० ग्रॅम वजनाचा. एकटा राहणारा, रानांतील झाडांच्या सालींच्या फटींत लपणारा, माणसांच्या घरांत क्वचितच येणारा. शिवाय रोग्यांपैकीं पुष्कळांना आपणांस वटवाघूळ चावल्याची आठवणही नसे. जो प्राणी भेटत नाहीं, त्याचा दंश इतका घातक कसा?

सन १९९६ मध्यें फिलाडेल्फियांतील किंजिरो मोरिमोटो, बर्नहार्ड डीट्झशोल्ड व त्यांचे सहकारी यांनीं याचें एक उत्तर पुढें मांडलें. त्यांनीं या वटवाघुळाचा विषाणु आणि कुत्र्याचा विषाणु शेजारीं शेजारीं वाढवून पाहिले. मज्जापेशींत दोन्ही चांगलेच वाढले. परंतु कातडींत ज्या तऱ्हेच्या पेशी असतात त्या पेशींत, आणि तेंही ३४ अंश सेंटिग्रेड एवढ्या कमी उष्णतेंत, वटवाघुळाचा विषाणु कुत्र्याच्या विषाणूपेक्षां अधिक जोरानें वाढला. शरीराच्या आंतील भागापेक्षां कातडी थंड असते, हें सर्वांना ठाऊकच आहे. कुत्र्याचा दांत मांसांत खोल जातो, आणि तेथें विषाला मज्जातंतूचें टोंक सांपडतें. वटवाघुळाचे दांत सुईच्या अग्राएवढे. त्यांचा ओरखडाही कित्येकदां दिसत नाहीं. असा उथळ दंशच ज्याच्या वांट्याला यावयाचा, त्या विषाणूनें कातडींतच तग धरण्याची शक्ति कमावली असावी, असा त्यांचा तर्क होता.

यापुढचा भाग प्रयोगशाळेंतील उंदरांनीं उलगडला, आणि तो सर्वांत आश्चर्यकारक आहे. तो समजण्यासाठीं मेंदूची घडण थोडी ध्यानांत घ्यावी लागते. रक्तांत फिरणाऱ्या वस्तूंना मेंदूंत मुक्तद्वार नसतें. मेंदूंतील रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात कीं, रोगाशीं लढणाऱ्या पेशींना व प्रतिद्रव्यांनाही एरव्हीं तेथून सहज आंत जातां येत नाहीं. ही तटबंदी मेंदूच्या रक्षणासाठींच आहे. अलर्कविषाणु मात्र रक्ताच्या वाटेनें येतच नाहीं. तो दंशाच्या जागीं मज्जातंतूच्या टोंकांत शिरतो, आणि त्याच तंतूच्या आंतून, जणूं भुयारांतून, पृष्ठरज्जूकडे व मेंदूकडे चढतो. तटबंदी जशीच्या तशी उभी राहते आणि शत्रु आंत असतो.

प्रयोगशाळांत सर्वत्र वापरला जाणारा अलर्कविषाणु पाश्चर यांनीं सन १८८२ मध्यें एका पिसाळलेल्या गाईच्या मेंदूंतून घेतलेल्या विषापासूनच उत्पन्न झालेला आहे. सशांच्या व उंदरांच्या मेंदूंत त्याच्या असंख्य पिढ्या गेल्या. अशा पाळीव विषाणूंपैकीं मवाळ केलेला एखादा प्रकार उंदराला टोंचला, तर मेंदूंत मोठा गोंधळ उडतो. पेशी धोक्याची सूचना देतात, दाह होतो, रक्तवाहिन्यांच्या भिंती कांहीं वेळ सैल होतात, आणि रक्तांतील प्रतिद्रव्यें व लढाऊ पेशी आंत घुसून विषाणूचा निकाल लावतात. उंदीर जगतो. वटवाघुळाचा रानटी विषाणु टोंचला तर चित्र निराळें दिसतें. या विषाणूनें मेलेल्या उंदरांच्या मेंदूंतील पेशी स्वतः होऊन मरत नाहींत, असें सन २००१ मध्यें प्रसिद्ध झालें. जॉर्जिया विद्यापीठांतील झेन फू यांच्या मंडळींनीं २००५ मध्यें दाखविलें कीं, पाळीव विषाणु मेंदूंतील संरक्षक यंत्रणेला खडबडून जागें करतो, तर वटवाघुळाचा विषाणु तिला चुकवून जातो. शेवटीं २००७ मध्यें फिलाडेल्फियांतील अनिर्बन रॉय व डग्लस हूपर यांनीं कोडें जवळजवळ सोडविलें. वटवाघुळाच्या विषानें आजारी पडलेल्या उंदरांच्या रक्तांत प्रतिकाराची तयारी झालेली असे. सैन्य सज्ज असे. परंतु मेंदूचें द्वार उघडत नसे, आणि तें सैन्य वेशीबाहेरच तिष्ठत राही. ज्या उंदरांत दुसऱ्या कारणानें मेंदूचा दाह होऊन हें द्वार सैल झालें होतें, त्यांतील कित्येक या विषांतूनही वांचले.

येथें सामान्य समजुतीला मोठा धक्का बसतो. अधिक घातक विष म्हणजे अधिक नासधूस करणारें विष, असें सर्वांस वाटतें. या प्रयोगांनीं उलटच सिद्ध केलें. ज्या विषाणूनें मेंदूंत दंगा केला, त्याचा पराभव झाला. जो चोरपावलांनीं आला, घरांतली एकही वस्तु मोडली नाहीं व पहारेकऱ्याला जाग येऊं दिली नाहीं, त्यानें धन्याचा प्राण घेतला. पाश्चर यांच्या सशांत विषाचा जो पालट झाला होता, त्याचाही अर्थ येथें थोडाफार उलगडतो. एका मेंदूंतून दुसऱ्या मेंदूंत सुईनेंच जावयाचें असल्यावर या विषाणूला लपूनछपून वागण्याची गरज उरली नाहीं, आणि ती कला त्याच्या वंशजांत हळूहळू मंदावली.

हें ज्ञान केवळ उंदरांपुरतें नाहीं. सन २००४ मध्यें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत १५ वर्षांची एक मुलगी वटवाघूळ चावल्यावर, लस न घेतां, पिसाळरोगानें आजारी पडूनही वांचली. डॉक्टरांनीं तिला औषधांनीं दीर्घ निद्रेंत ठेवलें होतें. तो उपाय पुढें इतर अनेकांवर केला असतां बहुतेक वेळां निष्फळ ठरला. परंतु त्या मुलीसंबंधीं एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. इस्पितळांत आली तेव्हांच तिच्या रक्तांत आणि मेंदूभोंवतालच्या द्रवांत प्रतिद्रव्यें आढळलीं होतीं. म्हणजे उंदरांच्या बाबतींत जें सैन्य वेशीबाहेर अडकलें, तें या मुलीच्या मेंदूपर्यंत पोहोंचलेलें होतें.

भारतांत या रोगाचा मुख्य वाहक आजही कुत्राच आहे. खरा अलर्कविषाणु वटवाघुळांत आढळतो तो अमेरिका खंडांत. जुन्या जगांतील वटवाघुळांत त्याचे सगोत्र विषाणु मिळतात, आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेंत सन २०१५ मध्यें फळें खाणाऱ्या मोठ्या वटवाघुळांत असाच एक विषाणु सांपडला. स्थिर विषापासून मेंढ्यांच्या मेंदूंत तयार केलेली, डेव्हिड सेंपल यांनीं कसौली येथें १९११ मध्यें काढलेली लस भारतांत २००४ सालापर्यंत चालू होती. पोटांत घ्यावयाच्या चौदा सुयांची धास्ती अनेक घरांत अजून आठवत असेल. आजची लस पेशींवर वाढविलेल्या विषाणूची आहे, दंडांत टोंचली जाते, आणि ती कुत्र्याच्या विषाइतकीच वटवाघुळाच्या अलर्कविषावरही गुणकारी आहे. मात्र ती वेळेवर घेतली पाहिजे. जखम साबण व पाण्यानें पंधरा मिनिटें धुणें आणि विषाणु मज्जातंतूंत शिरण्यापूर्वीं प्रतिद्रव्यें तयार ठेवणें, यांत सारें रहस्य आहे. कारण एकदां तो त्या भुयारांत उतरला कीं, रक्तांतील सैन्य कितीही मोठें असलें तरी त्याला वाट मिळेल याची शाश्वति नाहीं.

ट्रिनिडाडच्या डॉक्टरांनीं चावलेलें कुत्रें नसतांही पिसाळरोगाचा विचार केला. फ्लॉरिडांतील एका बापानें निरुपद्रवी म्हणून टाकून देण्याजोग्या प्राण्याची तपासणी करविली. आणि नांवानिशीं ज्यांची कोठेंही नोंद नाहीं अशा हजारों पांढऱ्या उंदरांनीं पिंजऱ्यांत मरून त्या दोघांची शंका खरी ठरविली. या तिन्हींमुळें एवढें कळलें कीं, मेंदूंत काहूर माजविणाऱ्या विषाशीं शरीर झगडूं शकतें. जें विष शांतपणें येतें, त्याच्या बाबतींत मनुष्यानेंच आधीं जागें व्हावें लागतें.